डाना ४४ घेण्याआधी नळी बघा

जीप रँग्लर जेके (२००७ ते २०१८) घेऊन खडकात उतरणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), मग ३५ इंची टायर, मग लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियलचा भाग), आणि त्यानंतर प्रश्न: पुढचा डाना ३० अ‍ॅक्सल काढून रुबिकॉनचा, म्हणजे रँग्लरच्या खडकांसाठीच्या मॉडेलचा, मोठा डाना ४४ टाकू का? अमेरिकेतल्या बाजारात रुबिकॉनमधून निघालेले अ‍ॅक्सल बऱ्यापैकी मिळतात, तेव्हा मोह होणारच. पण डाना ४४ बसवला म्हणजे पुढची बाजू भक्कम झाली, हा समज अर्धाच खरा आहे.

स्पोर्ट आणि सहारा या साध्या मॉडेलना पुढे डाना ३० येतो, रुबिकॉनला डाना ४४. डाना ३० चं क्राउन व्हील (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) साधारण सव्वासात इंचांचं, डाना ४४ चं साडेआठ इंचांचं. आतल्या शाफ्टला डाना ३० मध्ये २७ स्प्लाइन (टोकावरचे दाते), डाना ४४ मध्ये ३०. म्हणजे डिफरन्शियल खरोखरच मोठा आहे. पण दोन्हीकडे हाउसिंगची (बाहेरच्या कवचाची) नळी सारखीच: अडीच इंच बाहेरचा व्यास, पाव इंच जाडी. नळीच्या टोकाला वेल्ड केलेले सी आकाराचे तुकडे (पुढे नुसतं ‘सी’), बॉल जॉइंट, नकल (चाक धरून वळणारा भाग), हब, ब्रेक हेही दोन्हीकडे तेच. आणि जेकेत बहुतेकांचं आधी जे जातं ते क्राउन-पिनियन (क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) नसतं. आधी सी वाकतो, मग नळी.

सी वाकला की चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर आतल्या कडेला झिजतो. अलाइनमेंटच्या कागदावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्याच्या आसपास, किंचित उणे असायला हवा. एका बाजूला तो उणे एक अंशाच्या पुढे गेला तर काहीतरी वाकलंय किंवा बॉल जॉइंट गेलाय. आधी बॉल जॉइंट तपासा, कारण तो स्वस्त आहे. चाक जमिनीवरून उचला, टायरखाली पहार घालून वर ढकला आणि नकल व सी यांच्यामध्ये हालचाल दिसते का ते बघा. ती दिसली नाही आणि कॅम्बर तरीही बिघडलेला असेल, तर दोष हाउसिंगचा. नळी वाकल्याची आणखी एक खूण म्हणजे आतल्या ऑइल सीलमधून सतत गळणारं तेल. शाफ्ट मध्यावर न फिरता सीलच्या एका बाजूला घासत राहतो, त्यामुळे नवीन सीलही फार टिकत नाही.

जोराचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ३.६ लिटर इंजिनचा टॉर्क ३५३ न्यूटन मीटर. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ३.५९. साध्या जेकेचा लो रेंज (फोर लो, म्हणजे सावकाश पण जास्त जोराने चालायचा गिअर) २.७२, रुबिकॉनचा ४.०. ३.७३ फायनल ड्राइव्हवर (क्राउन-पिनियनच्या रेशोवर) साध्या गाडीत चाकांपर्यंत एकूण सुमारे १२,८५० न्यूटन मीटर पोचतात, रुबिकॉनमध्ये ४.१० वर सुमारे २०,८००. टॉर्क कन्व्हर्टरची वाढ यात धरलेली नाही.

आता दुसरी बाजू. एका पुढच्या चाकावर ६०० किलो भार आणि अमेरिकेतल्या मोआबच्या खडकावर पकड १ धरली, तर मूळच्या ३२ इंची टायरला घसरण्याआधी सुमारे २,४०० न्यूटन मीटर पेलतात, ३७ इंचीला २,७५०. फरक जेमतेम १५ टक्के. म्हणजे टायर घसरतोय तोवर शाफ्ट सुरक्षित असतो, कारण त्याच्यावर येणारा जोर पकडीपुरताच असतो. शाफ्ट तुटतो तो टायर दोन दगडांत अडकल्यावर किंवा हवेत गरगरणारं चाक एकदम खाली टेकल्यावर. तेव्हा पकडीची मर्यादा राहत नाही आणि गिअरचा सगळा जोर एका शाफ्टवर येतो. लॉकर लावलेला असेल तर दुसऱ्या चाकाकडे पळवाटही उरत नाही. त्यातून स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) आधीच मोठ्या कोनात असतो. मग योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या भागाचे, कान उघडतात, क्रॉसची कॅप बाहेर येते आणि तुटका तुकडा जाता जाता बॉल जॉइंट आणि नकलही खराब करतो. स्टिअरिंग टोकाला नेऊन अ‍ॅक्सलरेटर दाबू नका, हा नियम कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त शाफ्ट वाचवतो.

म्हणून खरेदीचा क्रम टायरवरून ठरवावा. ३३ इंचीला काहीही बदलू नका. ३५ इंचीला डाना ३० चालतो, पण दोन्ही सींना गसेट (आधाराच्या जाड पट्ट्या) वेल्ड करा, बॉल जॉइंट जाड आणि ग्रीस भरता येणारे घाला. लॉकर असेल तर ४३४० क्रोमोलीचे (कणखर मिश्र पोलादाचे) शाफ्ट घ्या. इथे एक सावधगिरी हवी: डाना ३० मध्ये शाफ्ट असा मजबूत केला की पुढचा कमकुवत दुवा क्राउन-पिनियन होतो. शाफ्ट ट्रेलवर बदलता येतो, क्राउन-पिनियन येत नाही. ३५ इंचीवर लॉकर लावून सारखे खडक चढायचे असतील तर डाना ३० मध्ये पैसे ओतण्यात अर्थ नाही.

रुबिकॉनचा डाना ४४ या वेळी खरा कामाचा. कंट्रोल आर्म, शॉक, ट्रॅक बार यांचे ब्रॅकेट जुळतात, त्यामुळे तो सरळ बोल्टवर बसतो आणि इलेक्ट्रिक लॉकर फुकटात येतो. तीन गोष्टी मात्र बघून घ्या. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. रुबिकॉनचे बरेचसे अ‍ॅक्सल ४.१० चे असतात आणि तुमच्या गाडीत मागे ३.२१ किंवा ३.७३ असेल, तर एका बाजूचे गिअर बदलावेच लागतील. रेशो जुळत नसताना कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावली तर ट्रान्सफर केस आणि प्रोपेलर शाफ्ट पिळले जातात. दुसरं, लॉकरची वायरिंग. रुबिकॉनमध्ये गाडीचा संगणक तो फक्त फोर लोमध्ये लावू देतो, साध्या गाडीत वेगळा रिले आणि स्विच बसवावा लागतो. तिसरं, तो अ‍ॅक्सल वाकलेला नाही ना. अपघातात गेलेल्या गाडीतून आलेला असेल तर आडव्या सरळ पट्टीने आणि अँगल गेजने दोन्ही सी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

३७ इंचीला या डाना ४४ लाही गसेट आणि नळीत स्लीव्ह लागतात. स्लीव्ह म्हणजे टोकाकडून मूळ नळीच्या आत सरकवलेली दुसरी नळी, मूळ नळीला भोकं पाडून प्लग वेल्डने धरलेली. हे काम घाईत करणारे वेल्डर अ‍ॅक्सल वाकवून देतात. एक-दीड इंचाचे तुकडे, समोरासमोर बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत वेल्ड करायचे. सी ला आधी शेगडीने किंवा टॉर्चने गरम करून घ्यायचं. वेल्डिंगच्या वेळी बॉल जॉइंट आणि सील आत ठेवू नयेत, नंतर कॅम्बर पुन्हा मोजायचा. मजुरी आणि पार्ट यांची बेरीज केली, तर तीन इंची नळीचं बाजारात मिळणारं तयार हाउसिंग घेऊन त्यात रुबिकॉनचेच डिफरन्शियलचे पार्ट आणि बाहेरचे पार्ट हलवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. डायनाट्रॅकचं प्रोरॉक ४४ हे त्याचं परिचित उदाहरण. शिवाय नव्या हाउसिंगमध्ये कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव) आणि पिनियनचा कोन वेगवेगळा मागता येतो. चार इंच लिफ्टच्या गाडीत मूळ अ‍ॅक्सल फिरवून पिनियन वर आणला की कॅस्टर खाली जातो आणि गाडी हायवेवर भरकटायला लागते. सी वेगळ्या कोनात वेल्ड केलेला असला की दोन्ही मिळतं. कॅस्टर साडेपाच ते सहा अंश धरून चाला.

४० इंचीला डाना ६०. पावणेदहा इंची क्राउन व्हील, ३५ स्प्लाइन. फोर्डच्या जड पिकअपमधला अ‍ॅक्सल काढून बसवणारेही बरेच आहेत, पण तो रुंद असतो. १९७८-७९ चा किंगपिनवाला (बॉल जॉइंटऐवजी पिनवर वळणारा) घेतला तर ६.५ इंची वर्तुळावर आठ बोल्ट असलेलं चाक, २००५ नंतरचा सुपर ड्यूटीचा घेतला तर आठ बोल्टचं १७० मिलिमीटर. म्हणजे चाकं बदलणार आणि मागचा अ‍ॅक्सलही. जेकेचं ५ इंची वर्तुळावरच्या पाच बोल्टचं चाक मागे ठेवून पुढे आठ बोल्ट केले तर एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. क्राउन व्हील मोठं असल्याने मोठ्या टायरने मिळवलेल्या उंचीचा काही भाग मध्यभागी परत जातो.

भारतात रँग्लर उजव्या स्टिअरिंगची असते, तेव्हा स्टिअरिंग बॉक्स आणि ट्रॅक बार बाजू बदलतात. अमेरिकेतून मागवलेलं डाव्या स्टिअरिंगचं हाउसिंग त्यामुळे सरळ बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. रस्त्यावर चालवायची नोंदणीकृत गाडी असेल तर गसेट आणि चांगले शाफ्ट इथेच थांबा.

बसवताना घोळ होतो तो बहुधा आतल्या सीलचा. जेकेत ते डिफरन्शियलजवळ असतात आणि बदलायला कॅरिअर (डिफरन्शियलचा गाभा) बाहेर काढावा लागतो. शाफ्ट आत सरकवताना तो एका हाताने उचलून धरा, स्प्लाइन सीलच्या ओठावर घासू देऊ नका. बाहेरच्या नटला ३६ मिलिमीटरचं सॉकेट लागतं, घट्टपणा १०० फूट-पाउंड, म्हणजे साधारण १३६ न्यूटन मीटर. गिअर नवे असतील तर बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) ०.००६ ते ०.०१० इंचांत ठेवून, पहिली २५-३० किलोमीटर हळू चालवून अर्धा तास थंड होऊ द्या. पहिल्या ८०० किलोमीटरांनंतर तेल बदला, ट्रॅक बार आणि कंट्रोल आर्मचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघा. ट्रॅक बारचा बोल्ट सैल राहिला की ब्रॅकेटचं भोक लंबगोल होतं आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागतं.