वाळूतले पाते: ढीग जुळला, बल जुळेना

मागच्या नोंदीत संगणकावरच्या सिम्युलेशनमधल्या वाळूच्या ढिगाचा उतार खऱ्या ढिगाप्रमाणेच ३३ अंशांवर आल्याचे मी समाधानाने लिहिले होते. ते समाधान अकाली ठरले. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीत प्रत्येक कण सुटा धरून त्याच्यावरचे बल क्षणाक्षणाला मोजले जाते, आणि माझ्या सिम्युलेशनमधल्या पेटीत ३ मिलिमीटर त्रिज्येचे सुमारे १ लाख ४३ हजार गोल आहेत. त्रिज्या निम्मी केली की कण आठपट होतात, कालपायरी (दोन हिशोबांमधला काळ) निम्मी होते आणि पाच तासांचे काम ऐंशी तासांवर जाते, म्हणून तो मोह आवरला होता.

गोल कण खऱ्या दाण्यांपेक्षा सहज घरंगळतात, त्यामुळे त्यांना घरंगळण्याविरुद्धचे घर्षण वरून द्यावे लागते. घोळ इथेच आहे. सरकण्याचे घर्षण ०.३ आणि घरंगळण्याचे ०.३ घेतले तरी उतार ३३ अंश येतो, आणि ०.६ व ०.१ घेतले तरी तेवढाच. नुसता ढीग पाहून यांतली खरी जोडी कोणती, हे सांगता येत नाही.

म्हणून ६० मिलिमीटर रुंदीचे पाते ४५ अंशांत तिरके धरून, ५० मिलिमीटर खोलीवर, खऱ्या कोरड्या वाळूतून ओढले आणि लोड सेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या संवेदकावर, बल मोजले. पात्यापुढे वाळूचा उंचवटा फुगत जातो, पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखी रेघ उमटते, तेवढा भाग घसरतो आणि पुढची रेघ उमटू लागते. आलेखावर याच लयीत बारीक दाते दिसतात. सरासरी बल १२.५ न्यूटन आले. पहिल्या जोडीने १०.८ दिले, दुसरीने १४.१.

०.४५ आणि ०.१८ ही मधली जोडी घेतल्यावर उतार टिकला आणि बल १२.३ न्यूटनवर आले. पण एकाच खोलीवर जुळवलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून तीच जोडी ३० मिलिमीटर खोलीवर तपासली: प्रत्यक्षात ४.० न्यूटन, सिम्युलेशनमध्ये ४.९. त्या खोलीत एकावर एक जेमतेम पाचच कण मावतात, आणि एवढ्या भरड थरात घसरणीची रेघ नीट उमटतच नाही, हे चित्रफीत सावकाश पाहिल्यावर लक्षात आले. अखेर दीड मिलिमीटर त्रिज्येची, ऐंशी तासांची फेरी काल रात्री सुरू केली आहे.