आईचा फ्लॅट भाड्याने देताना

आई आमच्याकडे राहायला आली आणि तिचा मुलुंडचा वन बीएचके सहा महिने बंद राहिला. बंद घर मुंबईच्या हवेत किती लवकर खराब होतं ते तेव्हा कळलं, कपाटामागे बुरशी, नळ गंजलेले, मग ठरवलं की भाड्याने देऊन टाकू.

मामा म्हणाला ओळखीतला मुलगा आहे, चांगल्या घरचा, करारबिरार कशाला, नोटरी करून टाक. मी नाही ऐकलं. आणि पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला मी पोटतिडकीने सांगेन की लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, रजिस्टर झाल्याशिवाय चावी देऊ नका, माणूस कितीही जवळचा असू दे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलीये, आणि नोंदणी नसेल तर उद्या वाद झाला की भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरतात, खोट्या आहेत हे सिद्ध करत आपण बसायचं. खर्च तरी किती? २८ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिने, याची स्टॅम्प ड्युटी ८०० च्या आत आली, वर नोंदणी फी १ हजार आणि घरी येणाऱ्या एजंटचे पैसे.

फ्लॅट आईच्या नावावर म्हणून नोंदणीला अंगठा तिचाच लागणार, आणि तो मशीनवर उमटेचना. सत्तरीतले हात, आयुष्यभर भांडी घासलेले, रेषाच पुसट झाल्यात. एजंटने ओल्या फडक्याने बोटं पुसायला लावली, अंगठा झाला, तर्जनी झाली, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं तेव्हा आईचा चेहरा बघायचा होता. घरात म्हातारं माणूस मालक असेल तर या कामाला घाई करू नका, अर्धा दिवस मोकळा ठेवा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली, ते सोपं आहे. सोसायटीने मात्र नॉन ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो जादा आकार, महिन्याला १ हजार लावला होता. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे हे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि सर्व्हिस चार्जेस म्हणजे अख्खा मेंटेनन्स नव्हे, पाणीपट्टी प्रॉपर्टी टॅक्स त्यात धरत नाहीत. सेक्रेटरी काकांना शांतपणे लेखी दिलं, पुढच्या बिलात १५० आले.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, लाइटच्या मीटरचा फोटो काढून त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि त्याच्याकडून ओके घेतलं. याचा फायदा जुलैत झाला. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, सगळे म्हणायला लागले भाडेकरूने काहीतरी केलं असणार, पण फोटोत कमोडमागचा पिवळट डाग आधीपासूनच दिसत होता. म्हणजे खर्च आमचा. प्लंबरला दुसऱ्याच दिवशी बोलावलं, जॉइंट बदलला, काकूंचं छत रंगवून दिलं. तेव्हापासून तो मुलगा काहीही झालं तरी लगेच फोन करतो, लपवत नाही, आणि भाडं ५ तारखेच्या आत जमा असतं.

आता ११ महिने संपतायत, त्याला अजून राहायचंय. म्हणजे परत नवा करार, परत अंगठा. आईला सांगून ठेवलंय, आठवडाभर आधीपासून रोज रात्री हाताला खोबरेल लावून झोप.