काळ्या पपडीखालचं २२०५

शटडाउनमध्ये वीज केंद्रातल्या एफजीडीचा (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणाऱ्या यंत्रणेचा) ॲब्सॉर्बर, म्हणजे चुनखडीच्या पातळ लगद्याने (स्लरीने) धूर धुणारा मनोरा, रिकामा झाला, आतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री झाली आणि आत शिरायचं परमिट हातात पडलं. भिंती २२०५ ड्युप्लेक्स या स्टेनलेस स्टीलच्या, वरवर ठणठणीत. पण ॲजिटेटरच्या (स्लरी ढवळणाऱ्या पंख्याच्या) मागे, जिथे स्लरी फारशी हलत नाही, तिथे जिप्समच्या थराखाली कडक काळी पपडी धरली होती. चिपिंग हॅमरने ती उडवली, तर तांबूस पाणी पाझरलं. खाली सुईच्या टोकाएवढं भोक, स्क्राइबर घातला तर आत पोकळ. बहुतेक भोकं वेल्डच्या कडेला होती, हीट टिंट (वेल्डच्या उष्णतेने आलेला रंगीत ऑक्साइडचा थर) साफ न केलेल्या पट्ट्यात.

पिटिंगला, म्हणजे अशी भोकं (पिट) पडण्याला, तोंड देण्याचा आकडा (क्रोमियम, ३.३ पट मॉलिब्डेनम आणि १६ पट नायट्रोजनची बेरीज) नेहमीच्या ३१६एल स्टेनलेसचा २४च्या आसपास, २२०५चा ३५च्या आसपास. खरेदीच्या बैठकीत एवढ्यावरच समाधान होतं. स्लरीचं कुणी विचारत नाही.

काळी पपडी मँगनीज डायऑक्साइडची. मँगनीज चुनखडीतून येतं. लॉग उघडला तर रात्री कमी लोडवर ओआरपी (स्लरीची ऑक्सिडेशन करण्याची ताकद) ५०० मिलिव्होल्टच्या वर. आपल्या कोळशात गंधक मुळात कमी, लोड उतरला की स्लरीत सल्फाइट जेमतेम उरतं, आणि सल्फाइटचं जिप्सम करायला हवा देणारे ऑक्सिडेशन ब्लोअर मात्र तेवढीच हवा ढकलत राहतात. मग विरघळलेलं मँगनीज ऑक्साइड होऊन भिंतीवर बसतं. हा थर वीजवाहक, तो कॅथोड (गंजण्याच्या विद्युत-रासायनिक क्रियेतला एक ध्रुव) बनून पोलादाचं पोटेन्शियल वर नेतो, आणि त्यातून पिटिंग सुरू होतं. स्लरीचा पीएच ५.५ असला तरी पिटच्या आत क्लोराइड आणि आम्ल साठत जातं.

दुरुस्तीत आधी हाय प्रेशर जेटने पपडी काढली. ग्राइंडिंगची चाकं फक्त स्टेनलेससाठी राखलेली. साध्या लोखंडावर फिरलेलं चाक इथे चालत नाही. पिट तळापर्यंत उघडून डीपी (तडे-भोकं दाखवणारी रंगद्रव्याची तपासणी) केली. उथळ पिट उतार देऊन तसेच सोडले. खोल पिट भरायला २२०९ (२२०५साठीचं नेहमीचं वेल्डिंग फिलर) टाळून सी-२२ जातीचं निकेल फिलर घेतलं. ६२५ हे दुसरं निकेल फिलरही नको, कारण त्यातलं नायोबियम ड्युप्लेक्समधला नायट्रोजन खातं. इंटरपास तापमान (वेल्डचा पुढचा थर देण्याआधीचं) १५० अंश सेल्सिअसच्या आत ठेवलं, शेवटी हीट टिंट काढणारी आम्लाची पिकलिंग पेस्ट.

चुनखडीच्या तपासणीत आता मँगनीजही आलं. कमी लोडवर एक ब्लोअर बंद, पण लान्स (स्लरीत हवा सोडणाऱ्या नळ्या) बुजणार नाहीत इतकी हवा चालू.