पांढरी सात

भांडी झाली, ओटा पुसला, तरी स्वयंपाकघरात 'ऊंऽऽ' चालूच. मला वाटलं, फ्रिज. वाकून त्याला कान लावला, तर तो गप्प. आवाज खिडकीतल्या स्पीकरमधून येत होता. गाणी कधीचीच संपली होती आणि बाई सूर सोडायला तयार नव्हत्या.

बाई म्हणजे फ्रेंच गायिका कामीय. आडनाव दालमे, पण ते ती लावत नाही. जन्म पॅरिसचा, १९७८चा. २००५ साली तिने 'ल फील' नावाचा अल्बम काढला. फील म्हणजे धागा. पहिल्या गाण्यात तिने स्वतःच्याच गळ्याचा एक सूर धरला आणि तो सगळ्या गाण्यांच्या खालून तसाच वाहू दिला. मी पेटी काढून पट्टी शोधली: पांढरी सात. शेवटचं गाणं संपल्यावरही तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकटाच चालू राहतो. आपल्याकडे मैफल संपली की तंबोरे आधी गवसणीत जातात. इथे गायिका घरी गेली आणि तंबोरा मागे राहिला.

गंमत म्हणजे पाच मिनिटांत हा सूर ऐकू येईनासाच होतो. कानाला सवय होते. पण गाणं मध्येच थांबलं की तो खालून डोकं वर काढतो, घरातल्या अबोल आजोबांसारखा.

या अल्बमला फ्रान्समध्ये प्री काँस्ताँतँ हे पारितोषिक मिळालं. दुसरी कुणी असती तर आणखी दोन 'धागे' विणून मोकळी झाली असती. हिने २००८च्या अल्बममध्ये टाळ्या, पायांचे ठेके, अंगावरच्या थापा असलं सगळं घेतलं. एका गाण्यात तर चक्क कुत्र्या-मांजरांचे आवाज काढले. मला तो अल्बम थोडा दमवतो, खरं सांगायचं तर. त्याच्या आदल्याच वर्षी 'रॅटटूई' या उंदराच्या सिनेमात ती गायली होती, म्हणजे तिचा आवाज आपल्याकडच्या पोरांनीही नकळत ऐकलेला आहे. आणि २०२५ मध्ये 'एमिलिया पेरेझ' या सिनेमातल्या गाण्यासाठी थेट ऑस्कर, तेही स्पॅनिश गाण्याला! संगीतकार क्लेमाँ द्युकोल आणि दिग्दर्शक जाक ओदियार यांच्यासोबत विभागून.

त्या रात्री मी स्पीकर बंद केला नाही. हात पुसून स्टुलावर बसले आणि हळूच त्या सुरात 'आ' लावून पाहिला. बरा लागला. तेवढ्यात फ्रिज सुरू झाला. चांगलाच उतरलेला होता.