आमची वाटचाल : टर्न मोजता मोजता

आमचं काम जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक गाळा, बाहेर पायरीवर स्टार्टर मांडीवर घेऊन बसलेला एखादा शेतकरी, आत वार्निशचा वास. या धंद्यात लेथची घरघर नाही की घणाचे घाव नाहीत, म्हणून आमच्याकडं रेडिओ ऐकू येतो. शेजारच्या ग्रीलवाल्यानं तीनदा रेडिओ आणला आणि तीनदा घरी नेला.

वडील, म्हणजे आण्णा, आधी ऑइल इंजिनाच्या कारखान्यात होते. नदीकाठच्या मळ्यांत वीज पोचली, इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि आण्णांनी मोटरी भरायचं, वाइंडिंगचं काम शिकून घेतलं. सुरुवातीचं भांडवल म्हणजे हातानं फिरवायचं कॉइल मशिन, तारेचं इन्सुलेशन तपासायचा उसना मेगर आणि जुन्या बाजारातला रेडिओ. त्या काळी रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. आई म्हणायची, गाळ्याचं भाडं थकलंय आणि ह्यांना लायसन्सची काळजी.

आण्णांचं उत्तर ठरलेलं : रेडिओ हे हत्यार आहे. यात निम्मी थाप होती, निम्मं खरं होतं. मिडियम वेव्हवर सांगली केंद्र लावलेलं असायचं, १९६३ सालचं, १२५१ किलोहर्ट्झवरचं. स्टार्टरमधला एखादा कॉन्टॅक्ट ढिला असला, आत बारीक ठिणगी पडत असली, की डोळ्याला दिसायच्या आधी रेडिओ खरखरायचा. आण्णा गाणं ऐकता ऐकता म्हणायचे, "ह्याचा मधला फेज बघ." पुढं कोल्हापूर केंद्र एफएमवर, १०२.७ वर ऐकू लागलो आणि खरखर गेली. गाणी स्वच्छ झाली, हत्यार मात्र बोथट झालं.

आता मूळ मुद्दा. मोटर भरायची म्हणजे जुनी वायर तोडायच्या आधी सगळं वहीत उतरवायचं : किती खाचा, कितव्या खाचेतून कितव्या खाचेत कॉइल गेली, वायर किती गेजची, कनेक्शन स्टार की डेल्टा आणि एका कॉइलला टर्न, म्हणजे तारेचे वेढे, किती. पाच एचपीच्या मोटरीत ३६ खाचा म्हटल्या आणि कॉइलला ४४ टर्न म्हटले, तर दिवसभर माणूस तेवढंच मोजत असतो. एक, दोन, तीन. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. आणि नेमकं एकतिसाव्या टर्नला रेडिओवर असं गाणं लागतं, जे वीस वर्षांत कानावर पडलेलं नसतं.

रोजच्या गाण्यांनी मोजणी चुकत नाही. ती कानाला पाठ असतात, हात चालूच राहतो. घात करतं ते न मागता आलेलं गाणं. 'साधी माणसं' या १९६५ च्या पिक्चरमधलं ऐरणीचं गाणं आमच्याकडं असंच एका दुपारी लागलं. भालजी पेंढारकरांचा पिक्चर, गाणं जगदीश खेबुडकरांचं, आवाज लताबाईंचा. संगीतकार म्हणून निवेदिकेनं 'आनंदघन' हे नाव घेतलं आणि लोखंडाच्या पेठेतल्या आमच्या पोरांना पहिल्यांदा कळलं, की आनंदघन म्हणजे लताबाईच. आई खाचांत घालायचे लेदरॉइडचे इन्सुलेशन कागद कापत बसली होती. तिच्या मामाच्या गल्लीतली माणसं जयप्रभा स्टुडिओत गर्दीच्या सीनला जायची, त्यामुळं भालजींचं नाव आलं की तिची कात्री थांबायची. आण्णांचाही हात थांबला. गाणं संपलं, हात पुन्हा फिरला, पण आकडा ३१ होता की ३३, कुणालाच सांगता येईना. आण्णांनी अंदाजानं पुढं मोजलं.

अंदाजानं भरलेली मोटर खोटं बोलत नाही. चालू केली, तर घुमायला लागली. करंट मोजायचा टंग टेस्टर लावला, तिन्ही फेजचा करंट सारखा येईना. तरी लोड नाही म्हणून असेल, अशी मनाची समजूत घालून दिली पाठवून. आठवड्यानं शिरोळकडचा तो गडी मोटर बैलगाडीत घालून परत. "आण्णा, धूर निगाला की वो." तांबं आमच्या पदरचं घालून ती पुन्हा भरली. त्या दिवशी आण्णांनी गाळ्यात नियम केला : न मागता जुनं गाणं लागलं, तर हात थांबवायचा, आकडा खडूनं टेबलावर लिहायचा, गाणं पुरतं ऐकायचं आणि मग पुढचा टर्न. रेडिओ बंद करा, असा नियमही करता आला असता. तो त्यांच्या डोक्यात आलाच नाही, यातच आमची फर्म मोठी का झाली नाही ते आलं.

मोठी व्हायची एक संधी आली होती. एका बड्या गिऱ्हाइकानं वर्षभराचं काम देऊ केलं, अट एकच : आत ॲल्युमिनियमची वायर भरायची आणि बिल तांब्याचं करायचं. आण्णा नको म्हणाले. जास्त काही घडलं नाही, फक्त ते काम दुसरीकडं गेलं आणि आमचा पत्रा अजून पत्राच राहिला.

२००५ चा पूर मी आण्णांच्या हाताखाली बघितला, २०१९ चा मालक म्हणून. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या किती तरी वर गेलं. गावात लाइट नाही, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आण्णांचा जुना रेडिओ सेल घालून चालत होता, तेवढाच आधार. पाणी उतरलं आणि मोटरींची रांग लागली. चिखली, आंबेवाडी, शिरोळ, जिकडून वाट मोकळी होईल तिकडून टेंपो. पाण्यात गेलेली प्रत्येक मोटर जळालेली असते असं नाही. ती उघडायची, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, बेअरिंग बदलायचं, ऊब देऊन वाळवायची आणि मेगरचा काटा एक मेगओहमच्या वर चढल्याशिवाय हात लावायचा नाही. सरसकट सगळ्या भरल्या असत्या, तर त्या दोन महिन्यांत गाळ्यावर स्लॅब पडला असता. ज्या वाळवून उठल्या, त्यांचे वाळवायचेच पैसे घेतले. उधारी उसाच्या बिलावर. काही आली, काही अजून यायची आहे.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचो. एका रात्री बाबूजींचं भावगीत लागलं. सुधीर फडके मूळचे कोल्हापूरचे, हे आण्णा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असत, पैसे मागायच्या आधी. त्या रात्री मोटरी घेऊन आलेले सात-आठजण पायरीवर बसले होते. घरात चिखल, जनावरं छावणीत. कुणी बोललं नाही. गाणं संपल्यावर एकजण म्हणाला, "आमच्या आईला येत हुतं हे." आणि बिडी पेटवायला बाजूला गेला. मी टेबलावर १७ लिहिलं होतं.

मध्ये पोरांनी ब्लूटूथचा स्पीकर आणला. आठवडाभर मजा झाली, मग भांडणं. ह्याला डीजेची गाणी, त्याला भजनं, तिसऱ्याला हलगी, आणि जो तो मोटरीपेक्षा फोनकडंच बघायला लागला. शेवटी मीच स्पीकर काढून रेडिओ फळीवर ठेवला. रेडिओवर नावडतं लागलं, तर शिव्या द्यायला समोर कुणी नसतं, भांडण मिटलं. वर, आपण निवडलेलं गाणं कधी दचकवत नाही. फोनवर हेच गाणं हजार वेळा मिळेल, पण ते शोधायला आधी आठवावं लागतं. इथं आठवण आपल्या आधी येऊन उभी राहते.

आण्णा आता नाहीत. आई दुपारी येऊन बसते, कागद कापू देत नाही आम्ही, तरी कात्री हातात असते. कॉइल मशिनला आता आकडा दाखवणारं काउंटर आहे, चुकायचं कारण उरलेलं नाही. तरीही खडू टेबलावरच असतो आणि पोरं सवयीनं लिहितात. परवा नवीन आलेल्या एका मामांनी टेबलावरचे १९, ३८, ४१ बराच वेळ न्याहाळले आणि हळूच विचारलं, "मालक, आज मटक्याचा ओपन काय आलाय?"