टूलबारवरच्या बटणाने काय सांभाळावे

ऑटोकॅड या संगणकावर नकाशे आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज काम करणाऱ्याला रेघ किंवा वर्तुळ काढण्यासाठी बटण लागत नाही. एल किंवा सी टाइप करून एंटर दाबणे इतके अंगवळणी पडलेले असते, की माउस वरच्या पट्टीपर्यंत नेऊन परत आणणे हाच उलट खोळंबा ठरतो. त्यामुळे स्वतःचा टूलबार तयार करताना मी हीच नेहमीची बटणे सर्वांत आधी काढून टाकली. ज्या कामात दर वेळी काहीतरी लक्षात ठेवावे लागते आणि घाईत तेच नेमके विसरते, अशाच कामासाठी बटणाची जागा खर्च करावी, असे माझे मत आहे.

परिमाणे देणे, म्हणजे ड्रॉइंगवर मापे लिहिणे, हे असे काम आहे. ती भिंतीच्या लेअरवर (ड्रॉइंगच्या एकावर एक असलेल्या थरांपैकी एकावर) पडली, तर चूक बहुधा प्रिंट काढल्यावरच दिसते, कारण त्या लेअरची जाड रेघ परिमाणांनाही लागलेली असते. म्हणून सीयूआय ही बटणे व मेनू बदलण्याची कमांड देऊन उघडणाऱ्या खिडकीत मी एक नवीन कमांड तयार केली आणि तिच्या मॅक्रोमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर ओळीने चालणाऱ्या सूचनांमध्ये, लेअर बदलणे व परिमाण सुरू करणे या दोन्ही पायऱ्या एकत्र लिहिल्या. मॅक्रोच्या सुरुवातीला कॅरेट (^) आणि सी ही जोडी दोनदा येते. ती एस्केप दाबल्याप्रमाणे आधीची अर्धवट कमांड रद्द करते, आणि काही कमांडमधून बाहेर पडायला एकदा रद्द करणे पुरत नाही, म्हणून ती दोनदा लिहायची. लेअर या शब्दाआधी हायफन हवा, नाहीतर लेअरची खिडकी उघडते आणि मॅक्रो तिथेच अडतो. सेट हा पर्याय न घेता मी मेक घेतला, कारण नव्या ड्रॉइंगमध्ये तो लेअर नसला तरी मेक तो तयार करून चालू करतो.

मॅक्रोमध्ये अर्धविराम म्हणजे एंटर. लेअरच्या नावानंतर असे दोन अर्धविराम लागतात: पहिला नाव पक्के करतो आणि दुसरा लेअर कमांडमधून बाहेर काढतो. मी एकच दिला होता, त्यामुळे पुढचे परिमाणाच्या कमांडचे नाव लेअर कमांडनेच स्वतःचा पर्याय समजून घेतले आणि नाकारले. हा एक अर्धविराम सापडायला माझी अख्खी दुपार गेली. मॅक्रोच्या शेवटी तीन बॅकस्लॅश देऊन, म्हणजे तीन क्लिकसाठी थांबायला सांगून, आपोआप आधीच्या लेअरवर परतण्याचीही सोय करता येते. परंतु बिंदू देण्याऐवजी मधेच वस्तू निवडण्याचा पर्याय घेतला, की क्लिकचा हिशेब चुकतो. त्यामुळे आधीच्या लेअरवर परत नेणारी लेअरपी ही कमांड मी वेगळ्या बटणावरच ठेवली आहे.

हे सारे कुठे साठवावे, याचा विचार मी फार उशिरा केला. पूर्वी सगळी बटणे बटणे व मेनूंची मांडणी साठवणाऱ्या मुख्य सीयूआयएक्स फाइलमध्येच होती, आणि एक विस्कटलेला टूलबार जागेवर आणण्यासाठी मी ती फाइल मूळ स्थितीला नेली, तेव्हा काही महिन्यांचे काम एका क्षणात पुसले गेले. आता माझी बटणे स्वतंत्र पूरक फाइलमध्ये असतात. सीयूआयलोड कमांडने ती जोडली की मुख्य फाइलला हात लावावा लागत नाही, आणि नव्या संगणकावर जाताना तेवढी एकच फाइल सोबत नेली तरी पुरते. २०१० च्या आवृत्तीपासून या फाइलमध्ये बटणांची चित्रेही साठवता येतात, ही मोठीच सोय आहे. चित्राचे लहान रूप १६ आणि मोठे ३२ पिक्सेलचे असते.

रिबन ही टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी २००९ च्या आवृत्तीत आली आणि टूलबारांची जुनी मांडणी असलेले क्लासिक वर्कस्पेस २०१५ च्या आवृत्तीतून गेले, तरी टूलबार अजूनही चालतात. माझा टूलबार डाव्या कडेला उभा असतो, आणि चुकून ओढला जाऊ नये म्हणून लॉकयूआय या सेटिंगने जखडलेला असतो. त्यावर सध्या अकरा बटणे आहेत. त्यांतील हॅचचे (आकृतीत रेघांची नक्षी भरण्याचे) बटण महिनाभर एकदाही दाबले गेलेले नाही, तेव्हा ते या आठवड्यात काढणार आहे.