'फेल्ड टू फेच' आलं की नेटला शिव्या देण्याआधी

लिनक्स अपडेट करताना 'फेल्ड टू फेच' (फाइल आणता आली नाही) दिसलं रे दिसलं की आपल्याकडे निदान ठरलेलं, नेट स्लो असेल, राउटर बंद करून चालू कर. कधीकधी खरंही असतं ते. पण उबुंटू-मिंट हे लिनक्सचे प्रकार वापरणारी मंडळी मला व्हॉट्सॲपवर एररचे जे फोटो पाठवतात (ज्यात नेमकी कामाची ओळ कापलेली असते) त्यातल्या बऱ्याच भानगडींचा नेटच्या स्पीडशी काही संबंधच नसतो. काय बिनसलंय ते ॲप्टने (पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आणून इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) स्वतःच लिहिलेलं असतं, आपण फक्त वाचायचा कंटाळा करतो.

सगळ्यात जास्त येतो तो 404, म्हणजे 'ही फाइल सर्व्हरवर नाही'. समजा लॅपटॉप दिवाळीपासून कपाटात पडून होता, आज काढला आणि थेट 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी' मारलं, बऱ्याच फायली धडाधड उतरल्या आणि मधलीच एखादी लायब्ररी (प्रोग्रामला लागणारं सहायक पॅकेज) 404 देऊन अडली. आता नेट चालू, सर्व्हर चालू, बाकीच्या फायली आल्या, मग हिलाच काय झालं? तर होतं असं की ॲप्ट दरवेळी सर्व्हरला विचारत बसत नाही, कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनचं आणि कुठल्या फाइलमध्ये आहे याची यादी त्याने आधीच आणून 'व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स'मध्ये ठेवलेली असते आणि तो त्या यादीवर विसंबून चालतो. मधल्या काळात त्या लायब्ररीचा सिक्युरिटी अपडेट आला, फाइलच्या नावातच व्हर्जन नंबर असतो त्यामुळे नाव बदललं, आणि जुनी फाइल सर्व्हरवरून काढली गेली. म्हणजे जुनं वेळापत्रक घेऊन एसटी स्टँडवर उभं राहिल्यासारखं, गाडी आहे, पण त्या वेळेची नाही. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' करा, मग इन्स्टॉल करा, विषय संपला. 'अपडेट' या कमांडने काहीही इन्स्टॉल होत नाही, फक्त यादी ताजी होते, पॅकेजेस बदलतात ती 'अपग्रेड'ने, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

गंमत म्हणजे ॲप्ट हे स्वतःच शेवटच्या ओळीत सुचवतो, की ॲप्ट-गेट अपडेट करून बघा, नाहीतर 'फिक्स-मिसिंग' लावून बघा. लोक पहिला अर्धा भाग सोडून दुसराच उचलतात, नावात फिक्स आहे ना! ते काही फिक्स-बिक्स करत नाही हो, जे मिळालं नाही ते बाजूला ठेवून उरलेलं उरकायचा प्रयत्न करतं.

दुसरा नंबर 'हॅश सम मिसमॅच'चा. रिपॉझिटरीची (सर्व्हरवरच्या पॅकेज-साठ्याची) एक 'इनरिलीज' नावाची फाइल असते, तिच्यावर डिजिटल सही असते आणि आत बाकीच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) असतात, त्या याद्यांत पुन्हा प्रत्येक पॅकेजचा हॅश. ही साखळी कुठे जुळली नाही की ॲप्ट फाइल नाकारतो, आणि बरंच करतो. कारण बहुतेक वेळा साधंच असतं, मिरर (साठ्याची नक्कल ठेवणारा सर्व्हर) अर्धवट सिंक झालेला असतो किंवा मधला एखादा प्रॉक्सी सर्व्हर शिळी कॉपी देत असतो. नव्या ॲप्टमध्ये याद्या हॅशच्याच नावाने मागवायची सोय आल्यापासून हे कमी झालंय. तरी आलंच तर तासाभराने बघा, नाहीतर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये जाऊन सर्व्हर 'मेन' करा. लिस्ट्स फोल्डर रिकामं करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो चुकीचा नाही, याद्या परत उतरतात, पण 'सुडो आरएम' (फायली पुसायची कमांड) टाइप करताना शेवटच्या तिरक्या रेघेनंतर चुकून स्पेस पडली आणि मग स्टार आला तर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तेही साफ होईल, तेव्हा जपून.

माझा आवडता एरर मात्र 'क्लिअरसाइन्ड फाइल इजन्ट व्हॅलिड, गॉट नोडेटा'. पुढे कंसात तो चक्क विचारतो की या नेटवर्कला लॉगिन लागतं का! हॉटेलचं किंवा हॉस्टेलचं वायफाय, किंवा केबलवाल्याचा प्लॅन संपलेला, अशा वेळी ॲप्ट मागतो सहीची फाइल आणि समोरून येतं लॉगिनचं नाहीतर रिचार्जचं वेबपेज. ब्राउझर उघडून लॉगिन करा, मग या.

'नॉट व्हॅलिड येट' आलं तर घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल मेला की तारीख मागे जाते आणि सर्व्हरवरची आजची फाइल मशीनला भविष्यातली वाटते. 'टाइमडेटसीटीएल' कमांडने तपासा, सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

राहिलं 'डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल'. इथे आधी पत्ता वाचा. पीपीएचा (उबुंटूबाहेरच्या कुणी चालवलेल्या खाजगी पॅकेज-साठ्याचा) असेल तर त्या पीपीएवाल्याने तुमच्या नव्या व्हर्जनसाठी काही बनवलेलंच नाही, तो पीपीए काढून टाका. 'ट्रस्टेड इक्वल्स येस' लावा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, ते म्हणजे सही तपासणंच बंद करणं आणि त्यातून नसलेली फाइल काही उगवत नाही. पत्ता खुद्द उबुंटूचा असेल तर तुमचं व्हर्जन बहुधा रिटायर झालंय. दोन एलटीएसच्या (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब सपोर्टवाल्या व्हर्जनच्या) मधल्या रिलीजना फक्त 9 महिने सपोर्ट असतो, 23.10 चा जुलै 2024 मध्येच संपला, नंतर अशा व्हर्जनची पॅकेजेस 'ओल्ड-रिलीजेस'च्या सर्व्हरवर जातात. सोर्समध्ये (ॲप्टच्या सर्व्हर-पत्त्यांच्या यादीत) तो पत्ता घालून आहे ते पूर्ण अपडेट करायचं आणि मग 'डू-रिलीज-अपग्रेड' या कमांडने पुढच्या व्हर्जनवर जायचं, असा रीतसर रस्ता आहे. मला विचाराल तर डेटा पेनड्राइव्हवर काढून सरळ 24.04 नव्याने टाका, 5 वर्षांचं एलटीएस आहे, 2029 पर्यंत बघायला नको.